वेग व प्रवेग यांचे मापन, सरळ रेषेतील गतीच्या

वेग व प्रवेग यांचे मापन, सरळ रेषेतील गतीच्या : एकाच सरळ रेषेवरून जाणाऱ्या पदार्थाच्या स्थानात दर एकक कालात होणाऱ्या बदलास त्याचा वेग व वेगात दर एकक कालात होणाऱ्या बदलास प्रवेग किंवा त्वरण म्हणतात. वेगाला मूल्याबरोबर दिशाही असते. दिशेचा विचार न करता केवळ मूल्य सांगावयाचे असल्यास चाल ही संज्ञा वापरतात. सरळ रेषेत दोनच दिशा संभवत असल्याने त्या धन व ऋण या चिन्हांनी दाखविता येतात. आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत वेग मी./से. व प्रवेग मी./से.² या एककांत देतात.

प्रयोगशाळेत ‘वेग मोजला’ असे म्हणण्याचा प्रघात असला, तरी प्रत्यक्षात बहुधा वेग मोजला जात नाही. मोजली जातात ती अंतरे व काल. अंतराला कालाने भागले म्हणजे त्या कालावधीतील सरासरी वेग मिळतो. पदार्थाचा वेग सतत बदलत असेल, तर एखाद्या विशिष्ट क्षणीचा म्हणजे तात्कालिक वेग काढण्यासाठी कालावधी अधिकाधिक लहान घ्यावा लागतो. (‘तात्कालिकी गती’ ही कल्पना भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या सिद्धांतशिरोमणि या ग्रंथात ग्रहांच्या गतीसाठी वापरली आहे, आजची मराठी संज्ञा तिच्याशी जुळणारी आहे.) परंतु कालावधी जसजसा लहान होतो तसतसे त्यात कापले जाणारे अंतरही लहान होते आणि मोजपट्टीची व घड्याळाची तीच त्रुटी प्रमाणाने मोठी ठरते. प्रवेगासाठी वेगांतील फरकाला पुन्हा कालाने भागावयाचे असते. त्यामुळे स्थानाच्या मापनातील किरकोळ चूक वेगात ठळक होते व प्रवेगात प्रसंगी मूळ राशीलाच झाकून टाकते. या अडचणीतून वाट काढण्यासाठी गती मंद करणे, काल सूक्ष्मपणे मोजणे व एकाच गतीची पुष्कळ वाचने घेणे हे तीन मार्ग वापरण्यात आले आहेत. पुढे वर्णन केलेल्या उपकरणांत त्यांपैकी एक किंवा अनेक आढळतात.

प्रवेग एकविध म्हणजे कालानुसार न बदलणारा असेल, तर एक सोयीचा नियम उपयोगी पडतो. अशा गतीत कोणत्याही कालावधीतील सरासरी वेग हा त्या कालावधीच्या बरोबर मध्यक्षणी असणाऱ्या तात्कालिक वेगाइतका असतो. ऑक्सफर्ड येथील मर्टन कॉलेजातील विद्वानांनी चौदाव्या शतकातच हा नियम मांडला होता. येथे मध्यक्षण असे म्हटले आहे, मध्यबिंदू नव्हे. या दोहोंतील फरकाकडे दुर्लक्ष केल्याने पुष्कळ प्रयोगांची उत्तरे चुकतात.

गॅलिलीओ यांची उतरण : मुक्तपणे पडणारा पदार्थ पहिल्या सेकंदातच सु. ४·९ मी. अंतर कापतो. सतराव्या शतकातील घड्याळांनी अशा गतीचा अभ्यास करणे शक्य नव्हते. गॅलिलीओ गॅलिली (१५६४–१६४२) यांनी पतनाची गती उतरणीच्या साहाय्याने मंद केली. १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात त्यांनी या प्रयोगाचे वर्णन केले आहे. सु. १२ हात लांबीच्या लाकडी तुळईत बोटभर रुंदीची सरळ खाच कोरून तीत गुळगुळीत चर्मपत्र बसविलेले होते व तीवरून काशाचा घोटीव गोळा सोडीत असत. काल मोजण्यासाठी मोठ्या भांड्यातील पाणी बारीक नळीतून पेल्यात पडू देत व गोळा घरंगळत असताना जमलेल्या पाण्याचे वजन करीत. उतरणीची पूर्ण लांबी, तिचा पाव भाग, अर्धा भाग इ. अंतरांसाठी लागणारे काल काढून अंतरे ही कालांच्या वर्गांच्या प्रमाणात असतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

इतक्या साध्या साधनांनी इतके काटेकोर उत्तर मिळाले यावर पुढे सर्वांचाच विश्वास बसला नाही. विज्ञानेतिहासकार अलेक्सांद्र क्वारे (१८९२–१९६४) यांनी १९५३ मध्ये या प्रयोगाच्या अचूकतेबद्दल तीव्र शंका व्यक्त केली. १९६१ मध्ये टॉमस सेटल यांनी मूळ वर्णनाबरहुकूम साधने जुळवून प्रयोग पुन्हा केला व त्यांना जलघटिकेने सेकंदाच्या दशांशाइतकी अचूकता सहज साधली. त्यानंतर स्टिलमन ड्रेक (१९१०–९३) यांनी फ्लॉरेन्स येथे जतन केलेल्या गॅलिलीओ यांच्या हस्तलिखितांतील एका पानावर ३३, १३०, २९८, ५२६, ८२४, १,१९२, १,६२० व २,१०४ ही आकड्यांची ओळ दाखवून दिली. ड्रेक यांच्या मते हे उतरणीवरील गोळ्याने समान कालांतरांच्या शेवटी गाठलेल्या स्थानांचे आकडे असून त्यांचे एकक एक मिमी.पेक्षा थोडे लहान आहे. उतरणीवर आडव्या तारा बांधून त्यांवरून जाताना होणारे गोळ्याचे आवाज गाण्याच्या तालाशी जुळेपर्यंत तारा सरकवीत नेल्या असाव्यात, असा त्यांचा तर्क होता.

हे आकडे तपासून पाहण्यासारखे आहेत. पहिले अंतर ३३ धरल्यास वर्गाच्या नियमानुसार पुढील स्थाने १३२, २९७, ५२८, ८२५, १,१८८, १,६१७ व २,११२ यावयास हवीत. दुसरे स्थान सोडल्यास नोंदलेला कोणताही आकडा यापासून ०·४ टक्क्यापेक्षा अधिक ढळलेला नाही. आता लगतच्या आकड्यांची वजाबाकी केली, तर दर कालांतरातील अंतर म्हणजेच वेग ३३, ९७, १६८, २२८, २९८, ३६८, ४२८ व ४८४ असा मिळतो व तो वाढत जातो हे स्पष्ट दिसते. पुन्हा वजाबाकी केली म्हणजे प्रवेग मिळतो : ६४, ७१, ६०, ७०, ७०, ६० व ५६. हे सर्व आकडे ६६ असावयास हवे होते. स्थानांत अर्धा टक्काही नसलेली चूक प्रवेगात १५ टक्क्यांपर्यंत पोहोचली. यात गॅलिलीओ यांच्या कौशल्याची उणीव नाही. प्रवेग काढण्याची ही रीतच चुका वाढविणारी आहे. म्हणूनच त्यांनी प्रवेग न काढता अंतर व कालाचा वर्ग यांचे गुणोत्तर स्थिर राहते हे दाखविले आणि आजही प्रयोगशाळेत हाच मार्ग अधिक विश्वसनीय मानतात.

उतरणीवरील गोळ्यावरून गुरुत्वीय प्रवेग काढताना आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. गोळा घसरत नाही, घरंगळतो. त्याच्या ऊर्जेचा काही भाग परिभ्रमणात जातो व सपाट उतरणीवर भरीव गोळ्याचा प्रवेग घर्षणरहित घसरणाऱ्या पदार्थाच्या ५/७ इतकाच भरतो. गोळा खाचेच्या दोन कडांवर टेकून घरंगळत असेल, तर याहूनही कमी. हा गुणक विसरून गणित केल्यास गुरुत्वीय प्रवेग सु. ७ मी./से.² इतका मिळतो. तो न वापरताही एखाद्या प्रयोगवहीत ९·८ हे उत्तर आढळले, तर ते उतरणीवरून नव्हे, पाठ्यपुस्तकातून आलेले असते.

अ‍ॅटवुड यंत्र : जॉर्ज अ‍ॅटवुड (१७४५–१८०७) यांनी १७८४ मध्ये वर्णन केलेल्या या यंत्रात हलक्या कप्पीवरून नेलेल्या दोऱ्याच्या दोन्ही टोकांना समान वजने टांगलेली असतात. कप्पीचा आस मोठ्या चाकांच्या कडांवर टेकवून घर्षण कमी केलेले असते. एका वजनावर छोटी पट्टी ठेवली म्हणजे ती बाजू प्रवेगाने खाली येऊ लागते. गती देणारे बल फक्त पट्टीच्या वजनाचे असते व हलवावयाचे वस्तुमान मात्र सर्वांचे असते. उदा., वजने प्रत्येकी २४५ ग्रॅ. व पट्टी १० ग्रॅ. असल्यास प्रवेग गुरुत्वीय प्रवेगाच्या पन्नासाव्या हिश्शाइतका, म्हणजे सु. ०·१९६ मी./से.² होतो. पहिल्या सेकंदात वजन जेमतेम ९·८ सेंमी. उतरते व सेकंदाचे ठोके देणाऱ्या लंबकाच्या घड्याळाने ते मोजता येते.

या यंत्राची खरी खुबी वेगाच्या मापनात आहे. वजनाच्या मार्गात एक कडे बसविलेले असते. वजन कड्यातून आरपार जाते, पण त्यावरील लांब पट्टी कड्यावर अडकून राहते. त्या क्षणी बल नाहीसे होते व वजन त्या क्षणी असलेल्याच वेगाने पुढे जात राहते. वरील उदाहरणात कडे दोन सेकंदांच्या उतारावर, म्हणजे ३९·२ सेंमी. खाली बसविले, तर त्यानंतरच्या प्रत्येक सेकंदात वजन ३९·२ सेंमी. जाते. निमिषमात्र टिकणारा वेग अशा रीतीने गोठवून सावकाश मोजता येतो. तात्कालिक वेगासाठी कालावधी लहान करण्याऐवजी गतीच एकविध करण्याची ही युक्ती फार सुंदर आहे. कप्पीलाही निरूढी असल्याने हिशोबात थोडी भर घालावी लागते : कप्पीचा परिणाम २० ग्रॅ. वस्तुमानाइतका असेल, तर प्रवेग सु. ४ टक्क्यांनी घटतो. वजने समान असताना हलका धक्का दिल्यावर ती एकविध वेगाने सरकत राहतील इतकेच जादा वजन लावून घर्षणाची भरपाई करतात.

चारचाकी गाडी व ठिपक्यांची फीत : फ्लेचर ट्रॉली या जुन्या उपकरणात रुळांवरून धावणाऱ्या गाडीवर कागद लावलेला असतो व वर बसविलेल्या कंप पावणाऱ्या पोलादी पट्टीच्या टोकावरील कुंचला त्यावर नागमोडी रेषा उमटवितो. पट्टीचा आवर्तकाल माहीत असल्याने रेषेची प्रत्येक लाट हा एक काल-खूण होतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कल्पना सोप्या रूपात शाळांत आली. १९५६ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या भौतिकी अभ्यास समितीच्या आणि १९६० नंतरच्या दशकातील ब्रिटनमधील नफील्ड योजनेच्या अभ्यासक्रमांनी तिचा प्रसार केला. गाडीला जोडलेली कागदी फीत कार्बन कागदाच्या चकतीखालून जाते व प्रत्यावर्ती विद्युत् प्रवाहावर चालणारी पट्टी तिच्यावर सेकंदाला ५० ठिपके उमटविते. लागोपाठच्या ठिपक्यांत ०·०२ सेकंद व पाच मोकळ्या जागांत ०·१ सेकंद गेलेला असतो.

समजा, एका फितीवर पाच-पाच जागांच्या लांब्या अनुक्रमे ४·२, ६·१, ८·२, १०·१ व १२·२ सेंमी. भरल्या. त्यावरून सरासरी वेग ४२, ६१, ८२, १०१ व १२२ सेंमी./से. होतात व ते त्या त्या तुकड्याच्या मध्यक्षणाचे धरावयाचे असतात. कालानुसार वेगाचा आलेख काढून ठिपक्यांमधून सर्वांत योग्य सरळ रेषा ओढली, तर तिच्या चढावरून प्रवेग सु. २ मी./से.² येतो. फितीचे तुकडे कापून शेजारी शेजारी चिकटविले, तर तोच आलेख तयार होतो. नवशिक्यास यापेक्षा बोलका आलेख दाखविणे अवघड आहे. सुरुवातीचे दाट ठिपके मात्र सोडून द्यावेत.

गाडीची चाके व फीत यांच्या घर्षणाची भरपाई करण्यासाठी फळीचे एक टोक थोडे उचलतात. दोर न लावता हलकेच ढकललेल्या गाडीच्या फितीवर ठिपके सम अंतरावर पडू लागले म्हणजे उतार योग्य झाला असे समजतात. कप्पीवरून टांगलेल्या वजनाने गाडी ओढली जात असेल, तर हलणाऱ्या वस्तुमानात त्या वजनाचेही वस्तुमान मिळवावे लागते. घरगुती पुरवठ्याची कंप्रता ५० मानलेली असते, ती तेवढी असेलच असे नाही. ती प्रत्यक्षात ४९ असेल, तर काल २ टक्क्यांनी व प्रवेग ४ टक्क्यांनी चुकतो. भारतातील प्रादेशिक विद्युत् जाळी स्वतंत्र होती त्या काळात असा फरक पडणे नवलाचे नव्हते.

एअर ट्रॅक व प्रकाशद्वारे : पोकळ त्रिकोणी नळीच्या पृष्ठावरील बारीक छिद्रांतून हवा सोडली असता तिच्यावरील सरकता तुकडा हवेच्या पातळ थरावर तरंगतो व घर्षण जवळजवळ नाहीसे होते. एअर ट्रॅक या नावाने ओळखले जाणारे हे साधन महाविद्यालयीन प्रयोगशाळांत आढळते. प्रथम ते समतल करून घेतात. तरंगणारा तुकडा कोठेही ठेवला तरी जागीच राहिला पाहिजे. नंतर एका पायाखाली ठोकळा ठेवतात. पाय १ मी. अंतरावर असताना ठोकळा २ सेंमी. जाड असल्यास प्रवेग सु. ०·१९६ मी./से.², म्हणजे वर वर्णिलेल्या अ‍ॅटवुड यंत्राइतकाच होतो.

मार्गावर दोन ठिकाणी प्रकाशद्वारे बसवितात. प्रत्येकात एका बाजूस अवरक्त प्रकाश देणारा डायोड व समोर प्रकाशसंवेदी ट्रँझिस्टर असतो. सरकत्या तुकड्यावरील पत्र्याचे निशाण प्रकाश अडविते तेवढा वेळ इलेक्ट्रॉनीय कालमापक चालतो. निशाणाची रुंदी ५ सेंमी. असून पहिल्या द्वारात प्रकाश ०·१६७ सेकंद व १ मी. पुढील दुसऱ्या द्वारात ०·०७२ सेकंद अडला, तर वेग अनुक्रमे ०·३० व ०·६९ मी./से. होतात. त्यांच्या वर्गांतील फरकाला दोन द्वारांमधील अंतराच्या दुपटीने भागले म्हणजे प्रवेग मिळतो.

निशाण किती रुंद असावे हा या प्रयोगातील नाजूक प्रश्न आहे. अरुंद निशाणाने तात्कालिक वेगाच्या अधिक जवळ जाता येते, परंतु ५ मिमी. रुंदीत ०·१ मिमी.ची चूक म्हणजे वेगात २ टक्के व त्याच्या वर्गात ४ टक्के चूक होते. शिवाय प्रकाशशलाकेलाही स्वतःची जाडी असते. रुंद निशाणाने ही चूक घटते, पण मिळणारा वेग निशाणाच्या मध्यबिंदूचा नसून मध्यक्षणाचा असतो. तुकडा द्वारातच स्थिर स्थितीतून सोडला, तर मिळणारा सरासरी वेग मध्यबिंदूवरील खऱ्या वेगापेक्षा सु. २९ टक्क्यांनी कमी असतो. निशाण द्वारात शिरण्यापूर्वी तुकड्याने त्याच्या रुंदीच्या कित्येक पट अंतर कापलेले असले, की हा फरक नगण्य होतो.

ध्वनिसंवेदक व चलच्चित्रण : संगणकास जोडावयाचा संवेदक सेकंदाला साधारणतः २० ते ५० वेळा श्राव्यातीत ध्वनीचे स्पंद सोडतो व पदार्थावरून परत आलेल्या प्रतिध्वनीच्या कालावरून अंतर काढतो. ध्वनीचा वेग २०° से. तापमानास सु. ३४३ मी./से. असून तो दर अंशास ०·६ मी./से. वाढतो. तापमानात १० अंशांची चूक झाल्यास सर्व अंतरे १·७ टक्के चुकतात. पडद्यावर स्थान, वेग व प्रवेग यांचे आलेख एकाच वेळी उमटतात. त्यामुळे तिन्ही राशी सारख्याच थेट मोजल्या जात आहेत, असा समज होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. स्थानात १ मिमी.ची यादृच्छिक त्रुटी असून वाचने ०·०२ सेकंदांनी घेतली, तर लगतच्या वाचनांवरून काढलेल्या वेगात सु. ७ सेंमी./से. व प्रवेगात सु. ६ मी./से.² इतकी त्रुटी येते. मोजावयाचा प्रवेग ०·२ मी./से.² असेल, तर हा आलेख निव्वळ गोंधळ दाखवितो. यासाठी सर्व वाचनांना मिळून एकच अन्वस्त जुळवून त्यावरून प्रवेग काढतात. मोबाइल फोनच्या कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्रांवरूनही स्थाने मोजता येतात. तेथे मोजपट्टी गतीच्याच प्रतलात ठेवणे आवश्यक असते.

मुक्त पतन : १ मी. उंचीवरून पडण्यास सु. ०·४५ सेकंद लागतो. हाताने घड्याळ दाबण्यास माणसाला सु. ०·२ सेकंद लागत असल्याने थांबघड्याळ येथे निरुपयोगी ठरते. पोलादी गोळी विद्युत् चुंबकाने धरून ठेवतात. प्रवाह खंडित होताच कालमापक सुरू होतो व गोळी खालच्या झडपेवर आदळली, की तो थांबतो. पण प्रवाह बंद झाल्यावरही चुंबकत्व क्षणभर रेंगाळते. हा विलंब केवळ ०·००५ सेकंद असला, तरी प्रवेग २ टक्क्यांहून अधिक चुकतो. निरनिराळ्या उंचींसाठी काल मोजून उंचीचे वर्गमूळ व काल यांचा आलेख काढला, तर सरळ रेषा मिळते. विलंबामुळे ती आरंभबिंदूतून जात नाही, परंतु तिचा चढ बदलत नाही. चढावरून प्रवेग व कालाच्या अक्षावरील छेदावरून खुद्द विलंब कळतो. मुंबईच्या अक्षांशावर समुद्रसपाटीस गुरुत्वीय प्रवेग सु. ९·७९ मी./से.² येतो.

याच प्रयोगाचे अतिप्रगत रूप म्हणजे निरपेक्ष गुरुत्वमापक. त्यात निर्वात नळीत सु. २० सेंमी. पडणाऱ्या कोपरा-परावर्तकावर लेसर शलाका टाकतात. परावर्तक अर्धी तरंगलांबी खाली गेला, की व्यतिकरणाचा एक पट्ट सरकतो. पट्टांचे काल आणवीय घड्याळाने मोजतात व एका पतनातील अनेक वाचनांना वक्र जुळवून गुरुत्वीय प्रवेग काही अब्जांश भागांपर्यंत अचूक काढतात. ठिपक्यांच्या फितीतील तत्त्वच येथे आहे. ठिपक्यांची जागा प्रकाशतरंगांनी घेतली आहे. अंतराचे एकक व वेग यांचे नातेही आता उलटे झाले आहे. १९८३ पासून प्रकाशाचा निर्वातातील वेग २९,९७,९२,४५८ मी./से. असा कायम ठरवून त्यावरून मीटरची व्याख्या केली जाते.

प्रवेगमापक : या उपकरणात अंतर व काल न मोजता बलावरून प्रवेग काढतात. स्प्रिंगने धरलेले वस्तुमान प्रवेगामुळे मागे राहते व स्प्रिंगच्या ताणावरून प्रवेग कळतो. मोबाइल फोनमध्ये हीच रचना सिलिकॉनच्या सूक्ष्म तुकड्यात केलेली असून वस्तुमानाचे सरकणे विद्युत् धारितेतील बदलावरून मोजतात. टेबलावर स्थिर ठेवलेला प्रवेगमापक सु. ९·८ मी./से.² दाखवितो व मुक्तपणे पडत असताना शून्य दाखवितो. म्हणून सरळ रेषेतील गती मोजताना गुरुत्वाचा वाटा वजा करावा लागतो व त्यासाठी उपकरणाचा कल अचूक माहीत असावा लागतो. येथे त्रुटींचा क्रम उलट होतो. प्रवेग चांगला मिळतो, परंतु त्याचे समाकलन करून वेग व अंतर काढू लागल्यास चुका साचत जातात. शून्याच्या खुणेत ०·०१ मी./से.² इतका दोष असला, तर स्थिर ठेवलेले उपकरण एका मिनिटानंतर ०·६ मी./से. वेगाने जात आहे व १८ मी. दूर गेले आहे असे गणित सांगते. वाहनांच्या व विमानांच्या मार्गनिर्देशनात प्रवेगमापकाची वाचने याच कारणासाठी उपग्रहांवरून मिळणाऱ्या स्थानांशी वारंवार पडताळून घेतात.